माजरीचा नंबर

बशीरभाऊंना हळू बोलता येत नसे. दुकानातून समोरच्या टपरीला दोन चहा सांगितले तरी नागभीडच्या बस स्टँडवरचा कंडक्टर दचकून वळायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, हे माझ्यावरच ओरडतायत. दोन लेकरांची आई मी, तिशी गाठलेली, आणि रडकुंडीला आले. तेव्हा शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या कौसल्याबाई हसत म्हणाल्या, "रागावून नाई राह्यले वो ते. जेवलीस का म्हणून विचारून राह्यले."

वीस वर्षं भोंग्यावर बोललेला माणूस तो. सायकल रिक्षाला दोन कर्णे बांधायचे, पायाशी बॅटरी ठेवायची आणि गावोगाव फिरायचं. दिवाळीनंतरची नाटकं, डोळ्यांचं शिबिर, हरवलेली गाय, कापडाचा सेल, सगळं त्यांच्याच तोंडून लोकांना कळायचं. पुढे दुकान काढलं, तीन कॉम्प्युटर घेतले, पाटीवर झोकात 'संदेश कॉम्प्युटर' लिहून घेतलं. पण त्या नावानं विचारलंत तर नागभीडमध्ये तुम्हाला कुणी पत्ता सांगितला नसता. भोंगेवाल्याचं दुकान म्हणा, की झालं काम.

मी तिथे टायपिंग शिकवायला लागले, म्हणून त्यांनी मला 'मास्तरीण' करून टाकलं. तीन वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मी त्यांच्या गोष्टी पुष्कळ लोकांना सांगते आणि पुष्कळ हसवते. एक मात्र कधी सांगत नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे. इतक्या वर्षांनी आता सांगून टाकावंसं वाटतं.

आधी त्यांचा नियम सांगायला हवा. मयत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मयतीची खबर भोंग्यावर घ्यायची नाही. कुणी कितीही रडत आलं, कितीही घाई केली, तरी बशीरभाऊ आधी त्या घरी जाणार, टोपी घालून दोन मिनिटं उभे राहणार आणि मगच रिक्षा काढणार. एकदा शेंडे आबाजी गेल्याचा निरोप आला. हे त्यांच्या खेड्यावर गेले. बाहेर बायका रडत होत्या, आत आबाजी खाटेवर निश्चल पडलेले. यांनी वाकून मनगट हातात घेतलं, तर आबाजींनी एक डोळा उघडला.

"कोन हाये बे?"

"बशीर भोंगेवाला, आबाजी."

"अजून नाई," आबाजी म्हणाले आणि डोळा मिटून घेतला. मग परत उघडून म्हणाले, "पन नाव बराबर घेजो. पांडुरंग म्हनतेत मले. पांडू नाई."

आबाजी त्यानंतर चार वर्षं जगले. बशीरभाऊ हा किस्सा सांगायचे तेव्हा आबाजींचा आवाज असा काढायचे की टायपिंगच्या मुली मशीन सोडून पोट धरायच्या. पण हसणं ओसरलं की ते गंभीर व्हायचे. "त्या दिशी पाह्याले नसतो गेलो," म्हणायचे, "तं जिंदा मानसाले मारून आलो असतो. मंग माह्या तोंडचं कोनी खरं मानलं असतं का?"

ही मोबाइल नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. येणारा फोन फुकट झाला आणि धानाच्या बांधीतही खिशातून घंटी वाजायला लागली. नागपूरच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं बशीरभाऊंना एक सीडी दाखवली. फोनला वायर लावायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची, मेसेज एकदाच टाइप करायचा आणि ज्यांच्या ज्यांच्या नंबरासमोर खूण केली असेल त्या सगळ्यांना तो एकामागून एक जाणार. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पोचलं का नाई, ते कळते काय?" तो म्हणाला, कळतं, नंबरासमोर हिरवी खूण येते. त्यांनी ती सीडी त्याच दिवशी घरी आणली.

पोचलं का, हेच त्यांनी का विचारलं ते मला कौसल्याबाईंनी सांगितलं. दर राखीला त्या बशीरभाऊंना राखी बांधत, त्यामुळे त्यांना त्या घरचं आतलं ठाऊक होतं. भाऊंची बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. रक्ताचं माणूस म्हणाल तर एकच, मोठा भाऊ उस्मान. तो चंद्रपूरकडे, माजरीला कोळसा खाणीत कामाला. यांची आई सकाळी गेली तेव्हा बशीरभाऊंनी एसटीडी बूथवरून खाणीच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा कुणीतरी म्हणाला, 'सांगतो.' यांनी निर्धास्तपणे फोन ठेवला आणि भोंगा घेऊन बाहेर पडले. आईची खबर त्यांनी स्वतःच्या तोंडानं साऱ्या गावाला दिली. तिकडे उस्मानभाई पाळीवर खाली उतरले, आणि निरोपाची चिठ्ठी टेबलावर तशीच पडून राहिली. उन्हाळ्याचे दिवस होते. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग वडीलधारी म्हणाली, आता थांबवणं बरं नाही. उस्मानभाई दुसऱ्या दिवशी आले तेव्हा कबरीवरची माती अजून ओली होती.

"तो येवढंच बोलला," कौसल्याबाई म्हणाल्या. "साऱ्या गावाले भोंग्यावर सांगतलं, मलेच काऊन नाई सांगतलं? तवापासून अकरा वर्सं झाली. या घराचा उंबरठा त्यानं पाह्यला नाई."

म्हणून बशीरभाऊ मेसेज पाठवून झाला की उठत नसत. सगळ्या नंबरांसमोर हिरवी खूण येईपर्यंत पडद्यासमोर बसून राहत. मला घरी जायची घाई असायची. मी म्हणायचे, "भाऊ, पाठवला ना आपण?" तर म्हणायचे, "देल्लं म्हंजे पोचलं नाई, मास्तरीण." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी त्याचा राग यायला लागला.

जंगलाकडच्या एका खेड्यात रेंज फक्त एका मोहाच्या झाडाखाली यायची. लोक आपापले फोन पिशव्यांत घालून त्या झाडाच्या फांद्यांना टांगून ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचे. त्या गावाला जनावरांच्या लसीचा मेसेज पाठवला. दुपारपर्यंत सगळ्या खुणा आल्या, एकाची येईना. बशीरभाऊंनी सायकल काढली. मी म्हटलं, "अहो, बाकीचे सांगतील त्याला." ते म्हणाले, "खाणीच्या हापिसातला बी सांगनारच होता." आणि गेले. त्या माणसाचा फोन डबक्यात पडला होता, वाळावा म्हणून त्यानं तो तांदळाच्या कणगीत पुरून ठेवला होता. भाऊंनी त्याला दारात उभं करून लसीची खबर तोंडी दिली. ती अर्थातच साऱ्या गावानं पुन्हा एकदा ऐकली. घामाघूम होऊन परतले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "आता लिवा, पोचलं."

मेसेज मी टाइप करायचे आणि ते माझ्या मागे उभे राहून, एक हात कानावर ठेवून, भोंग्यावर बोलल्यासारखा मोठ्यानं वाचायचे. वाचल्याशिवाय एकही मेसेज गेला नाही. मयतीचा असला तर त्यात चार गोष्टी हव्यातच: कोण, कुठचा, किती वाजता आणि कुठे. एक कमी असली की पुन्हा लिहायला लावायचे. त्या फोनांवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून मराठी आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो आणि जागा मोजकीच मिळायची. अर्धा अर्धा तास भोंग्यावर बोलणारा माणूस त्या मोजक्या अक्षरांशी असा झटापट करायचा की मला मौज वाटायची.

ईदेला मात्र ते मला खुर्चीवरून उठवत. स्वतः बसत आणि एका बोटानं टाइप करत: 'सलाम. बशीर.' तो जायचा एकाच नंबरवर, माजरीच्या. हा नंबर त्यांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून मिळवला होता. मिनिटभरात हिरवी खूण यायची. मग दिवसभर दुकानातला तो फोन त्यांच्या खिशात असायचा, नमाजाला जाताना, शिरखुर्मा वाटताना. उत्तर कधीच आलं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "कशाला पाठवता भाऊ?"

"नंबर नाई ना बदलला त्यानं," ते म्हणाले. "बदलता आला असता."

रोवणीचे, धानाच्या लावणीचे दिवस होते. सकाळी मी पोलिओच्या डोसचा मेसेज यादीतल्या सगळ्यांना पाठवून मोकळी झाले होते. बशीरभाऊ दाराशी उभे राहून गडचिरोलीच्या बसची वाट पाहत होते. तिथल्या एका ऑफिसातून नवीन नंबरांची यादी आणायची होती. तेवढ्यात पत्र्यावरून एक कावळा झेपावला आणि त्यांच्या डोक्याला चोच मारून गेला. टोपी खाली पडली. भाऊंनी ती उचलली, झटकली आणि हसले. पण कौसल्याबाईंच्या हातातला बांगड्यांचा जुडगा गळून पडला.

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं मानतात. त्यावर उतारा एकच. तो माणूस मेल्याची खोटी खबर त्याच्या रक्ताच्या नात्यात पाठवायची. नातेवाईक ऐकून रडले की येणारं मरण रडून झालं, ते परत जातं. पूर्वी हे काम पोस्टकार्डावर चालायचं. माझ्या लहानपणी मामा गेल्याचं असंच कार्ड आलं होतं. आई ऊर बडवून रडली आणि चार दिवसांनी मामाच दारात उभा. तिनं आधी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग पुरणपोळी केली.

"भाऊ, माजरीले खबर पाठवा," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माह्या दुकानातून? खोटी मयत?" भाऊंनी कानाला हात लावले. "तोबा! कावड्याचं काय घेऊन बसली तू." आणि बस आली तशी ते चढून गेले. मोबाइल ते स्वतःजवळ ठेवत नसत. दुकानाचा फोन वायरला जोडलेला, तोच तेवढा.

बस वळली आणि कौसल्याबाईंनी माझे हात धरले. त्यांच्या नवऱ्यालाही कावळा शिवला होता. त्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि महिन्याच्या आत त्या विधवा झाल्या. हे मला माहीत नव्हतं. "एक डाव गमावून बसली वो मी," त्या म्हणत होत्या. "भावाले नाई गमवत. एकच तं पाठवाचा हाये. त्यायले नाई सांगू." मी नको म्हणायला हवं होतं. मी शिकलेली, दुसऱ्यांना शिकवणारी बाई. पण मला मामाचं कार्ड आठवलं. आणि खरं सांगायचं तर मनात आणखी एक गोष्ट आली. या निमित्तानं माजरीहून एक फोन येईल. अकरा वर्षांत न आलेला फोन. आपण तो आणू.

मी बसले आणि लिहिलं: बशीर भोंगेवाले यांचे निधन, माती आज पाच वाजता. माजरीचा नंबर शोधून त्याच्यासमोर खूण केली, 'पाठवा'चं बटण दाबलं आणि उठून बाहेर आले. त्या पडद्याकडे बघवेना. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. आत फोननं टुंग केलं, म्हणजे एक गेला. कौसल्याबाईंनी हात जोडले. मग परत टुंग झालं. मग परत.

चौथ्या की पाचव्या टुंगला मी ताडकन उठले. धावत आत गेले. सकाळच्या पोलिओच्या वेळी 'सगळे' या चौकटीत केलेली खूण मी काढलीच नव्हती. गावं एकामागून एक सरकत होती. बंद करायचं बटण कुठं असतं तेच मला आठवेना. शेवटी मी फोनची वायर उपसून काढली. तोवर पन्नासच्या वर लोकांना बशीरभाऊ गेल्याचं कळलं होतं.

वायर हातात तशीच धरून मी खुर्चीत बसले. आणि मग फोन वाजायला लागला.

पहिला ब्रह्मपुरीचा होता. "कसं झालं हो?" मी म्हटलं, "काही झालं नाही, ते जिवंत आहेत, गडचिरोलीला गेलेत." तो माणूस हळुवारपणे म्हणाला, "बाई, धीर धरा. होते असं." त्याला वाटलं, दुःखानं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्यालाही तेच वाटलं. तिसरा म्हणाला, "फोन दुसऱ्या कोनाले द्या." चुकीचा मेसेज दुरुस्त करायला मी वायर परत जोडली, पण फोन वाजत असला की त्यातून काही जात नसे, आणि तो वाजायचा थांबेना.

आणि लोक यायला लागले. गुडघ्यापर्यंत चिखलाचे पाय घेऊन रोवणीवरून शेतकरी आले. सिंदेवाहीची माणसं गाडी करून आली. मशिदीतल्या मंडळींनी दोन माणसं कबर खोदायला धाडली होती. मी ओट्यावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होते की हे खोटं आहे, माझी चूक आहे. एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "बशीरच्या दुकानातली खबर खोटी कशी असंन, माय?" बशीरभाऊंनी वीस वर्षं जे कमावलं होतं त्याच्याच जोरावर माझं खोटं इतकं ठाम उभं होतं.

तीन वाजता बस आली. बशीरभाऊ हातात कागदांचं भेंडोळं घेऊन उतरले. स्टँडवर पेरू विकणाऱ्या बाईनं किंकाळी फोडली. गर्दी दोन्हीकडे सरकली आणि मधून वाट झाली. त्यांनी दुकानासमोरचे रडवेले चेहरे पाहिले आणि डोक्यावरची टोपी नीट केली, मयतीच्या घरी करायचे तशी. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला, विचारलं, "कोन गेलं, मास्तरीण?"

मी म्हटलं, "तुम्ही."

कौसल्याबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते मला हाकलून देतील. ते आत गेले, खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "दाखव." मी पडद्यावर मेसेज उघडला. त्यांनी एक हात कानावर ठेवला आणि स्वतःच्या मरणाची खबर खणखणीत आवाजात वाचली.

"कुठी ते नाई लिवलं," ते म्हणाले. "माती कुठी?"

ते पडद्याजवळ वाकले.

"माजरीले पोचला?"

त्या नंबरासमोर हिरवी खूण होती. "पोचला," मी म्हटलं. "पण फोन नाही आला. एवढ्या सगळ्यांचे आले, त्यांचा नाही."

त्यांनी त्या हिरव्या खुणेवर बोट टेकवलं. मग ओट्यावर गेले आणि जमलेल्यांना हात जोडून म्हणाले की मी जिंदा हाये, चूक माह्या दुकानाची हाये, माफ करा. काही लोक हसले, काहींनी मिठ्या मारल्या, एकानं चांगलं खडसावलं की अर्धी बांधी रोवायची टाकून आलो. फोनही हळूहळू थंडावला. आत येऊन त्यांनी मला लिहायला लावलं: बशीर भोंगेवाला जिवंत आहे, सकाळची खबर खोटी, चूक आमची. वाचून पाहिलं. मी 'सगळे' वर खूण करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"माजरीचा नंबर काढ."

मला कळलं नाही. "त्यांनाच तर आधी पाठवायला हवं, भाऊ. ते बसमध्ये असतील."

"म्हनूनच."

कौसल्याबाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, हे बरं नाई. तो बिचारा रडत येत असंन."

"येत असंन ना?" बशीरभाऊ म्हणाले. "येऊ दे."

शेंडे आबाजींचं मनगट धरणारा माणूस तो. एका लसीच्या निरोपासाठी जंगलात सायकल मारणारा. त्यानं समजून उमजून, धडधडीत खोटं एका माणसासाठी तसंच ठेवलं होतं. मला धक्का बसला. रागही आला, आणि सांगते, त्या रागातही मी तो नंबर यादीतून वगळला. बाकी सगळ्यांना मेसेज गेला.

गर्दी पांगली. भाऊंनी मागच्या मोरीवर तोंड धुतलं, धुतलेला कुर्ता घातला, केस नीट केले. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. मग एक उचलून परत भिंतीशी ठेवली. मग पुन्हा मांडली. मी घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना.

पाच वाजायच्या सुमारास चंद्रपूरची बस आली आणि तिच्यातून एक वाळलेला, दाढी पांढरी झालेला माणूस उतरला. कुणी सांगायला नको होतं. जबडा तोच होता. काखेत कागदात बांधलेलं गाठोडं होतं, हातात अत्तराची कुपी आणि कापराची पुडी. दुकानासमोर कुणी नाही हे पाहून तो गोंधळला. मला म्हणाला, "बाई, मय्यत कुठी ठेवली? नेली का?" ते 'नेली का' म्हणताना त्याचा आवाज फाटला. घाबरला होता तो. पुन्हा उशीर झाला असं त्याला वाटलं होतं.

बशीरभाऊ आतून दारात आले.

उस्मानभाई हललेसुद्धा नाहीत. दोघं भाऊ आपसात हिंदीच बोलत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, म्हणून ते बोलणं शब्दन् शब्द माझ्या कानात राहिलं आहे.

"जिंदा है तू."

"हां, भाई. गलती से गया मेसेज."

"फिर दूसरा क्यूं नहीं भेजा?"

बशीरभाऊ खोटं बोलू शकले असते. फोन बंद होता म्हणाले असते, काहीही म्हणाले असते. ते म्हणाले, "भेजा. सबको भेजा. तेरे को नहीं भेजा."

समोरून जाणारी बस थांबली आणि निघूनही गेली. मला वाटलं, उस्मानभाई आता मारणार तरी किंवा मिठी तरी मारणार. मनातल्या मनात मी मिठी मारून टाकलीही होती. कौसल्याबाईंनी तर पदर डोळ्याला लावला होता.

"अम्मी की मिट्टी नहीं मिली मेरे को," उस्मानभाई म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला भय वाटलं. "सोचा, तेरी तो मिलेगी. खान का काम छोड के आया."

"बैठ तो भाई. पानी तो—"

"मिट्टी देने आया था. मिलने नहीं."

त्यांनी काखेतलं गाठोडं काउंटरवर ठेवलं. त्याच्यावर अत्तराची कुपी ठेवली, कापराची पुडी ठेवली. "रख ले," म्हणाले, "लगेगा." आणि वळून स्टँडकडे चालू लागले. चंद्रपूरला परतणारी गाडी लागलेलीच होती. ते चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत त्यांची पाठ तेवढी आम्हाला दिसत होती.

बशीरभाऊ हाक मारतील असं मला वाटलं. त्यांची एक हाक त्या गाडीपर्यंतच काय, पुढच्या गावापर्यंत गेली असती. त्यांनी मारली नाही.

मी त्या दुकानात त्यानंतर फार दिवस टिकले नाही. माझ्या नवऱ्याची बदली गडचिरोलीला झाली हे एक कारण, आणि मला तिथे बसवेना हे दुसरं. मी गेले त्या दिवशी भाऊ कुठल्याशा गावाला गेलेले होते, भेट झाली नाही. त्यामुळे ते माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्याच संध्याकाळचे.

गाडी गेल्यावर ते आत आले आणि त्यांनी गाठोड्याची सुतळी सोडली. कफनाचं कापड होतं. कोरं, पांढरं. इथं आल्यावर शोधायला वेळ मिळणार नाही म्हणून असेल, उस्मानभाईंनी ते तिकडेच मोजून, कापून आणलं होतं. बशीरभाऊ सहा फुटांच्या वरचे, बाजारातलं मापाचं काही त्यांना कधी पुरलं नाही. त्यांनी एक तुकडा उलगडला, त्याचं वरचं टोक दोन्ही हातांनी खांद्यांशी धरलं आणि कापड खाली सोडलं. ते बरोबर घोट्यांपर्यंत आलं. कौसल्याबाई ओरडल्या, "ठेवा ते खाली, भाऊ! ठेवा म्हन्ते ना!" त्यांना ते ऐकू आलं नाही. ते मान वाकवून, कापडाच्या खालच्या काठाकडे बघत तसेच उभे होते.

"बराबर हाये," ते म्हणाले. "अकरा वर्सांनी बी माप ध्यानात हाये त्याच्या."